किवीचा वेल आणि त्याचा मांडव

आमच्या जुन्या घराच्या परसात शेवग्याचे एक झाड होते. एका पावसाळ्यात त्याच्या बुंध्याशी घोसाळ्याचे बी आपोआप रुजले. कोणी आधार दिला नाही, कोणी खत घातले नाही. तरी श्रावण सरेपर्यंत तो वेल शेवग्याच्या शेंड्याला जाऊन पोहोचला. त्याला पिवळी फुले आली, घोसाळीही लागली. परंतु ती सर्व आमच्या हाताच्या कितीतरी वर. ती तेथेच जून झाली, वाळली आणि वाऱ्यावर खुळखुळत राहिली. भाजीसाठी त्यांतले एकही आजीच्या हाती लागले नाही. पुढच्या वर्षी तिने चार मेढी पुरून, वर आडव्या काठ्या टाकून, डोक्याच्या थोडा वर येईल असा मांडव करविला आणि वेल त्यावर चढविला. त्या वर्षी घोसाळी खालून, उभ्याउभ्या, हाताने तोडता आली.

वेलाचा स्वभाव कोणता आणि मांडवाचे प्रयोजन काय, हे या लहानशा गोष्टीत आले आहे. वेल वाढतो तो उजेडाच्या दिशेने, आणि फळ धरतो तेही तेथेच. माणसाला मात्र ते फळ आपल्या हाताशी हवे असते. घोसाळ्याचे आयुष्य काही महिन्यांचे. तेव्हा मांडव घातला की काम भागते. परंतु जो वेल पन्नास-पन्नास वर्षे जगतो, ज्याचे खोड लाकडासारखे कठीण होते आणि ज्याला एकेका हंगामात हजार फळे लागतात, त्याला नुसता मांडव पुरत नाही. मांडवावर चढविल्यानंतरही त्याची फळे दरवर्षी खोडापासून दूर दूर सरकू लागतात. अशा दीर्घायुषी वेलांपैकी एक म्हणजे किवी. तपकिरी, लवदार सालीचे, आतून हिरवेगार असे हे आंबटगोड फळ अलीकडे आपल्या बाजारातही दिसते. त्याचा वेल कसा वाढतो, किती वाढतो आणि त्याला आवरण्यासाठी बागवानाला काय करावे लागते, ते आपण पाहू.

प्रथम वृक्ष आणि वेल यांच्यातील भेद लक्षात घेऊ. आंब्याचे रोप लावले, तर ते आपली पहिली काही वर्षे खोड जाड करण्यात आणि फांद्या मजबूत करण्यात घालविते. स्वतःचा भार स्वतःच्या बळावर पेलावयाचा, असा वृक्षाचा बाणा असतो. वेलाची रीत याहून वेगळी. तो खोड जाड करण्यात फारसे अन्न खर्ची घालीत नाही. दुसऱ्याच्या आधाराने उभे राहावयाचे आणि आपली सारी शक्ती लांबी वाढविण्याकडे लावावयाची, असा त्याचा हिशेब असतो. त्याच्या बारीक खोडातील पाणी वाहून नेणाऱ्या नलिका मात्र रुंद असतात; म्हणूनच मनगटाएवढ्या खोडातून दूरवर पसरलेल्या असंख्य पानांना पाणी पोहोचू शकते. वेल दुबळा असतो असे आपण सहज म्हणतो. पण ते खरे नव्हे. त्याचे बळ जाडीत नसून वेगात असते, इतकेच.

आधार धरण्याच्या प्रत्येक वेलाच्या तऱ्हाही निराळ्या असतात. कारली, दोडका आणि द्राक्ष यांना सुतासारखे तणावे असतात. ते जवळच्या काडीला विळखा घालतात. नागवेल आणि मिरवेल यांच्या पेरांपासून बारीक मुळे फुटतात व ती झाडाच्या सालीला चिकटून बसतात. वेताला आकड्यांसारखे काटे असतात. त्यांच्या साहाय्याने तो वर चढतो. घेवडा आणि गुळवेल यांना मात्र यांपैकी काहीच नसते. त्यांचे खोडच आधाराभोवती पिळा घालीत वर जाते. किवी या शेवटच्या प्रकारात मोडतो.

किवीची नवी फूट वसंत ऋतूत निघते तेव्हा तांबूस लवेने झाकलेली, रसरशीत आणि ताठ असते. ती सरळ वर वाढते. पुढे तिची लांबी वाढली की शेंडा बारीक होतो, पानापानांतील अंतर वाढते आणि तो शेंडा हवेत हळूहळू गोल फिरू लागतो. जणू आंधळी कोशिंबीर खेळणारा मुलगा हात पसरून गडी शोधीत असावा! काडी, तार, फांदी, जे काही सापडेल त्याला तो विळखा घालतो. काहीच सापडले नाही, तर शेजारच्या फुटीलाच गुंडाळतो. मग दोन फुटींचा पीळ होतो, दोहोंच्या चार होतात आणि पाहता पाहता तेथे न सुटणारे जाळे तयार होते. वेलांच्या अशा हालचालींचा सूक्ष्म अभ्यास चार्ल्स डार्विन या थोर निसर्गशास्त्रज्ञाने केला होता आणि १८७५ साली त्यावर एक स्वतंत्र ग्रंथही प्रसिद्ध केला होता.

किवीच्या सर्वच फुटी सारख्या वाढतात असे मात्र नाही. काही फुटी थोडीशी पाने आली की आपण होऊनच थांबतात. काही फुटी मात्र थांबण्याचे नावच घेत नाहीत. जमीन कसदार असली आणि पाणी भरपूर मिळाले, तर अशी एक फूट एकाच हंगामात ३ ते ५ मीटर लांब होते. आपल्या वर्गाच्या भिंतीची लांबी मोजा, म्हणजे ही वाढ केवढी असते याची तुम्हांला कल्पना येईल. थांबणाऱ्या आणि न थांबणाऱ्या, या दोन्ही प्रकारच्या फुटींचा बागवानाला उपयोग असतो. तो कसा, हे पुढे कळेल.

या वेलाचे मूळ घर चीन देशात, यांगत्से नदीच्या खोऱ्यातील डोंगराळ अरण्यांत आहे. तेथे तो मोठमोठ्या झाडांवर चढून ९ मीटर आणि त्याहूनही अधिक उंची गाठतो. चिनी लोक त्याच्या फळाला ‘मीहाउताओ’ म्हणतात. त्याचा अर्थ ‘माकडांचे पीच’ असा आहे. झाडाच्या शेंड्यावर लागणाऱ्या फळाला हे नाव किती शोभते! आमच्या शेवग्यावरील घोसाळ्यांप्रमाणेच ही फळेही माणसाच्या हाती लागणे कठीणच असणार.

हा अरण्यवेल बागेत कसा आला, त्याची कथा मोठी मनोरंजक आहे. न्यूझीलंडमधील वांगानुई या गावी मुलींची एक शाळा होती. इझाबेल फ्रेझर या तिच्या मुख्याध्यापिका. त्यांची बहीण चीनमधील यीचांग येथे धर्मप्रचाराचे कार्य करीत असे. तिला भेटून १९०४ साली त्या मायदेशी परतल्या, तेव्हा त्यांच्या सामानात या फळाचे थोडेसे बी होते. ते बी पुढे अलेक्झांडर ॲलिसन या बागाइतदाराच्या हाती गेले. त्याने रोपे वाढविली आणि १९१० साली त्या वेलांना न्यूझीलंडच्या भूमीत प्रथम फळे लागली. पुढे ऑकलंडजवळील हेवर्ड राइट या रोपवाटिकाकाराने अनेक रोपांतून निवड करून मोठ्या, चवदार व टिकाऊ फळांची एक जात तयार केली. तिला त्याच्याच नावावरून ‘हेवर्ड’ असे म्हणतात. आज जगातील अनेक देशांत हिरव्या किवीच्या ज्या बागा आहेत, त्यांतील बहुतेक वेल हेवर्ड जातीचे आहेत. एका शिक्षिकेने मूठभर बी जपून आणले आणि त्यातून पुढे हजारो कुटुंबांच्या चरितार्थाचे साधन उभे राहिले.

त्या काळी या फळाला ‘चिनी गूजबेरी’ म्हणत. १९५२ साली न्यूझीलंडमधून ते इंग्लंडला निर्यात झाले. पुढे अमेरिकेच्या बाजारपेठेसाठी नव्या नावाची गरज भासली, तेव्हा १९५९ साली एका व्यापारी पेढीने न्यूझीलंडच्या किवी या पक्ष्याचे नाव त्याला दिले. तो पक्षीही लहानसा, तपकिरी आणि केसाळ दिसतो. नाव असे न्यूझीलंडचे झाले, तरी आज या फळाचे सर्वांत अधिक उत्पादन पुन्हा चीनमध्येच होते.

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर ‘बे ऑफ प्लेंटी’ नावाचा समुद्रकाठचा प्रदेश आहे. त्यातील ते पुके हे गाव किवीच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. या बागांत अरण्यातील वेलाला कसे वळण लावतात, ते आता पाहू.

तेथे मांडवाचे दोन प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारात ओळीने खांब पुरून प्रत्येक खांबाच्या माथ्यावर एक आडवी पट्टी ठोकतात व त्या पट्टीवरून लांबवर तीन किंवा पाच तारा ताणतात. दुसऱ्या प्रकारात संपूर्ण बागेवर तारांचे एक सलग छत घालतात. आपल्या नाशिक-सांगलीकडील द्राक्षांचे मांडव ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा प्रकार चटकन ओळखता येईल. दोन्ही प्रकारांत तारांची उंची जमिनीपासून साधारण १.८ मीटर असते. ही उंची वेलाने ठरविलेली नाही; ती माणसाने आपल्या सोईने ठरविली आहे. मोठ्या माणसाला मांडवाखाली सरळ उभे राहता यावे आणि हात वर करून फळ तोडता यावे, एवढीच ती असते.

वेलाला आकार देण्याचे काम रोप लावल्या दिवसापासून सुरू होते. आपले द्राक्ष-बागाइतदार या कामात जे शब्द वापरतात तेच येथेही उपयोगी पडतील. पहिल्या वर्षी एकच जोमदार फूट ठेवून बाकीच्या काढून टाकतात. ती फूट बांबूच्या आधाराने सरळ वर नेतात; पण तिला बांबूभोवती पीळ घालू देत नाहीत, तर थोड्याथोड्या अंतरावर सैल बांधतात. कारण आज करंगळीएवढे असलेले हे खोड उद्या मांडीएवढे होणार. पीळ राहिला, तर पुढे तोच खोडाला आवळू लागतो. शेंडा बारीक होऊन गोल फिरू लागला की जेथपर्यंत फूट जाड व सरळ आहे तेथपर्यंत ती छाटतात आणि नव्या जोमाने वाढू देतात. फूट तारेला पोहोचली की तिच्यापासून दोन भुजा काढतात: एक तारेवर उजवीकडे, दुसरी डावीकडे. या भुजांना आपल्याकडे ‘ओलांडे’ म्हणतात. खोड आणि ओलांडे हा वेलाचा कायमचा सांगाडा होय. ओलांड्यांपासून काटकोनात दोन्ही बाजूंना ‘काड्या’ काढतात व त्या बाहेरच्या तारांना बांधतात. माशाच्या पाठीच्या कण्याला दोन्हीकडे काटे असतात, तसे वरून पाहिले असता हे दृश्य दिसते. या काड्यांवरील ‘डोळ्यां’तून पुढील वर्षी नव्या फुटी निघतात आणि त्यांना फळे लागतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी पहिली फळे दिसतात. वेल पूर्ण भरात येण्यास मात्र सात-आठ वर्षे लागतात.

असा पूर्ण वाढलेला वेल किती मोठा असतो? दोन ओळींत ५ मीटर आणि ओळीतील दोन वेलांत ५ मीटर अंतर ठेवले, असे समजू. म्हणजे प्रत्येक वेलाच्या वाट्याला मांडवाचे ५ × ५ = २५ चौरस मीटर छत आले. एखाद्या चांगल्या मोठ्या खोलीचे छप्पर एकट्या वेलाने झाकावे, तसेच हे झाले. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. तेव्हा या हिशेबाने एका हेक्टरात ४०० वेल बसतात. छताच्या प्रत्येक चौरस मीटरला सुमारे ४० फळे धरली, तर एका वेलावर १,००० फळे होतात. एक फळ १०० ग्रॅम वजनाचे धरले, तर एका वेलावर १०० किलो फळांचा भार झाला! त्यातच पानांचा, काड्यांचा आणि पावसाळी दिवसांत पानांवरील पाण्याचा भार मिळवावयाचा. म्हणूनच मांडवाचे खांब खोल पुरावे लागतात आणि कडेच्या खांबांना बाहेरून भक्कम ताण द्यावे लागतात. फळे भरात असताना मांडव कोसळला, तर कित्येक वर्षांची मेहनत एका रात्रीत मातीला मिळते.

आता आपण मुख्य प्रश्नाकडे वळू. मांडव झाला, वेल चढला, फळेही लागली. मग बागवान दर हिवाळ्यात कात्री घेऊन त्याच्या इतक्या काड्या का कापतो? ज्याला पोटच्या मुलासारखे वाढविले त्याच्यावर शस्त्र का चालवावयाचे?

याचे उत्तर किवीच्या डोळ्यांत आहे. गेल्या हंगामात वाढलेल्या काडीवरील डोळे वसंत ऋतूत फुटतात. त्यांतून नवी कोवळी फूट निघते. या फुटीच्या बुडाकडील काही पानांच्या बेचक्यांत कळ्या येतात आणि त्यांचीच पुढे फळे होतात. परंतु ज्या बेचक्यात फळ लागते, तेथे पुढील वर्षासाठी फुटणारा डोळा उरत नाही. ती जागा कायमची रिकामी होते. तेव्हा पुढील वर्षी त्या फुटीवर नवी वाढ होते ती फळांच्या पलीकडे, शेंड्याकडील डोळ्यांतून. त्या नव्या वाढीवरही तोच प्रकार. अशा रीतीने दरवर्षी फळ खोडापासून थोडे थोडे दूर जाते. मागे राहतो तो नुसता उघडा, पाने नसलेला सोट.

समजा, एका बागवानाला दया आली आणि त्याने काही वर्षे छाटणीच केली नाही. काय होईल? मांडवावर फुटींचे थरावर थर साचतील. वरच्या थराला ऊन मिळेल, खालचे थर अंधारात राहतील. अंधारात वाढलेल्या काडीचे डोळे नीट फुटत नाहीत आणि फुटले तरी त्यांना फुले कमी येतात. फळे लागतील ती जाळ्याच्या बाहेरच्या कडेला आणि माथ्यावर. आत पाने कुजतील, वारा खेळणार नाही, रोगाला घर मिळेल. वेल जिवंत राहील, हिरवागार दिसेल, कदाचित पूर्वीपेक्षा मोठाही होईल. पण हाताशी येणारे फळ दुर्मीळ होईल. मांडव असूनही तो पुन्हा अरण्यातील वेल बनेल.

म्हणून हिवाळ्यात पाने गळाली की बागवान प्रत्येक वेलापाशी उभा राहून विचार करतो. जी काडी फळ देऊन चुकली आहे, ती तो काढून टाकतो आणि ओलांड्याजवळून निघालेली, उन्हात वाढलेली, नवी काडी तिच्या जागी तारेला बांधतो. दूर गेलेले फळ तो अशा प्रकारे खोडाजवळ परत आणतो. न थांबणाऱ्या लांब फुटींचा उपयोग येथे होतो. पुढील वर्षाची काडी बहुधा त्यांच्यातूनच निवडतात. आपण होऊन थांबणाऱ्या आखूड फुटी फळे धरतात, पण मांडवावर सावलीची दाटी करीत नाहीत. म्हणून त्याही हव्याच असतात.

छाटणी म्हणजे दिसेल ते कापणे नव्हे. उत्साहाच्या भरात कोणी गेल्या वर्षीच्या साऱ्या काड्या कापल्या आणि केवळ जुने लाकूड ठेवले, तर काय होईल? जुन्या लाकडातून नव्या फुटी निघतील खऱ्या. पण त्यांना त्या वर्षी सहसा फुले येत नाहीत. म्हणजे कात्रीच्या एका चुकीने सबंध वर्ष फुकट जाते. छाटणी फार उशिरा, वसंताच्या तोंडाशी केली, तर मुळांकडून वर चढणारा रस छाटलेल्या जागेतून थेंबथेंब गळू लागतो. तेव्हा काय कापावे याइतकेच काय ठेवावे आणि केव्हा कापावे, हेही कळले पाहिजे. उन्हाळ्यातही बागवान मांडवाखाली जाऊन पाहणी करतो. जमिनीवर उन्हाचे कवडसे नाचताना दिसले, तर सर्व ठीक आहे असे तो समजतो. जमीन गडद सावलीत बुडाली असेल, तर वरच्या काही फुटी कमी करतो.

किवीच्या बागेत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. या वेलात नर आणि मादी वेगवेगळे असतात. नरवेलाच्या फुलांत परागकण असतात, पण फळ धरण्याची शक्ती नसते. मादीवेलाच्या फुलांतही पुंकेसर दिसतात; परंतु त्यांतील पराग निरुपयोगी असतात. म्हणून फळबागेत साधारणतः आठ मादीवेलांमागे एक नरवेल लावण्याची पद्धत चालत आली आहे. दोघांच्याही फुलांत मध नसतो, त्यामुळे मधमाश्या तेथे केवळ परागासाठी येतात. त्या कमी पडू नयेत म्हणून फुलांच्या दिवसांत बागवान मधमाश्यांच्या पेट्या बागेत आणून ठेवतात. एका चांगल्या फळात बारीक काळ्या बियांची संख्या हजाराच्या घरात जाते. पराग जितके अधिक पोहोचतील तितक्या बिया अधिक, आणि बिया अधिक तितके फळ मोठे. फुलोरा संपताच नरवेलांची मात्र चांगलीच छाटणी करतात. त्यांचे काम झालेले असते आणि मांडवावरील जागा मादीवेलांना हवी असते.

एवढ्या मोठ्या पर्णभाराला पाणीही पुष्कळ लागते. उन्हाळ्याच्या कोरड्या दिवशी पूर्ण वाढलेला वेल सुमारे १०० लिटर पाणी शोषून घेऊ शकतो. जोराचा वारा हाही या वेलाचा मोठा शत्रू आहे. कोवळ्या फुटी बुडाशी ठिसूळ असतात. वाऱ्याच्या झटक्याने त्या काडीपासून निखळतात. यासाठी ते पुकेच्या बागांभोवती उंच झाडांच्या दाट भिंती वाढविलेल्या असतात. स्वतः वेल चढतो तारांवर. पण त्याचे रक्षण करतात ते वृक्षच.

अशी सर्व काळजी घेऊनही संकट यावयाचे ते येतेच. नोव्हेंबर २०१० मध्ये ते पुके परिसरात किवीच्या वेलांवर एका जिवाणूचा प्रादुर्भाव झाल्याचे उघडकीस आले. पानांवर ठिपके पडत, खोडातून तांबूस रस गळे आणि वेल वाळून जाई. हा रोग वेलाच्या जखमांतूनही आत शिरतो. म्हणजे छाटणीची कात्रीच त्याची वाहक ठरू शकते. तेव्हापासून बागवान कात्र्या निर्जंतुक करून वापरू लागले. त्या वेळी लावलेल्या सोनेरी गराच्या एका जातीला या रोगाचा मोठा तडाखा बसला आणि त्या वेलांच्या बागाच्या बागा कापून टाकाव्या लागल्या. ज्यांनी वर्षानुवर्षे एकेक काडी निवडून बांधली होती, त्यांनीच त्या वेलांवर करवत चालविली. परंतु अनेकांनी मुळे व बुंधे उपटले नाहीत. त्या बुंध्यांवर त्यांनी रोगाला अधिक तोंड देऊ शकणाऱ्या नव्या जातीची कलमे बांधली. खाली वर्षानुवर्षे वाढलेली मुळे होती आणि वर मांडव उभाच होता. त्यामुळे अवघ्या काही वर्षांत बागा पुन्हा हिरव्या छताने झाकल्या. एखाद्या रोपाला जी उंची गाठण्यास वर्षे लागतात, ती त्या कलमांनी जुन्या आधाराच्या बळावर लवकर गाठली.

आपल्या देशात किवी प्रथम १९६० साली बंगळूरच्या लालबाग उद्यानात लावण्यात आला. परंतु त्याला तेथे फळे धरली नाहीत. कारण या वेलाला हिवाळ्याची खरी विश्रांती लागते. ७ अंश सेल्सियसच्या खालील थंडी सुमारे ७०० ते ८०० तास मिळाली, तरच हेवर्डसारख्या जातीचे डोळे वसंतात नीट फुटतात. पुढे १९६३ साली त्याच्या काही जाती सिमल्याच्या थंड डोंगरावर लावल्या गेल्या आणि १९६९ साली तेथे फळे लागली. आज हिमाचल प्रदेशात व अरुणाचल प्रदेशात किवीच्या बागा आहेत. महाराष्ट्राच्या मैदानी प्रदेशात एवढी थंडी पडत नाही. येथे द्राक्षवेललाही थंडीची दीर्घ झोप मिळत नाही. म्हणून आपले शेतकरी त्याची एप्रिलमध्ये एकदा आणि ऑक्टोबरच्या सुमारास पुन्हा एकदा अशी दोन वेळा छाटणी करतात. वेल निराळा, हवा निराळी. पण मांडवाखाली वर पाहत उभा असलेला माणूस मात्र दोन्हीकडे सारखाच.

मुलांनो, तुमच्या गावाजवळ द्राक्षबाग असेल, तर छाटणीच्या दिवसांत मालकाची परवानगी घेऊन तेथे अवश्य जा. खोड कोठे संपते, ओलांडा कोठून निघतो, काडीवर डोळे किती आहेत, हे मोजून पाहा. बाग जवळ नसेल, तर अंगणात घेवड्याचे चार दाणे पेरा आणि त्याचा शेंडा दिवसभरात कोणकोणत्या दिशेला वळतो याची नोंद ठेवा. छाटणी करणाऱ्या शेतकऱ्याला विचारा, “काका, ही काडी कापली आणि ती ठेवली, असे का?” तो क्षणभर थांबून तुम्हांला दोन्ही काड्या दाखवील. एकीवर सरलेल्या वर्षाच्या खुणा असतील, दुसरीवर येणाऱ्या वर्षाचे डोळे. कात्री हातात घेण्यापूर्वी हा फरक ओळखता आला पाहिजे. आमच्या आजीने एका वर्षाच्या वेलासाठी मांडव घातला, तेव्हा तिला एवढेच ठाऊक होते की, वेल वाढेल तो आपल्या मर्जीने, पण फळ हाती यावयाचे असेल तर आपणही थोडे कष्ट केले पाहिजेत. पन्नास वर्षे जगणाऱ्या वेलासाठी ते कष्ट पन्नास वेळा, प्रत्येक हिवाळ्यात नव्याने करावे लागतात.